मदत हवी आहे: जुन्याच कॉन्फिगवर कर्नल कंपाइल केला, पण इनिटआरडी प्रचंड मोठी

भोसरीच्या वर्कशॉपमधलं मशीन चालवणारा पीसी आहे, त्यावर डेबियन १२ (लिनक्स). एका पीसीआय कार्डच्या ड्रायव्हरमध्ये दोन ओळी बदलायच्या होत्या, म्हणून कर्नल (सिस्टमचा गाभा) ६.१ स्वतः कंपाइल केला. तयार पॅकेजने काम होणार नाही.

/बूटमधली कॉन्फिग फाइल (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी) सोर्स फोल्डरमध्ये डॉट-कॉन्फिग नावाने कॉपी केली, मग 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' (जुनी निवड ठेवून नव्या पर्यायांना डीफॉल्ट देणारी कमांड). सुरुवातीला सर्टिफिकेटची पेम फाइल सापडत नाही म्हणून बिल्ड अडलं; कॉन्फिगमधल्या 'सिस्टम ट्रस्टेड कीज'ची व्हॅल्यू रिकामी केल्यावर ते सुटलं. पुढे 'मेक', 'मॉड्यूल्स इन्स्टॉल' आणि 'मेक इन्स्टॉल'.

घोळ इथे झाला. आधीची इनिटआरडी (बूट होताना आधी लोड होणारी, ड्रायव्हर असलेली फाइल) ४० एमबीच्या आसपास, नवी ३०० च्या वर जाते आणि /बूट भरल्यामुळे अर्धवट राहते. /बूटचं पार्टिशन ५१२ एमबीचं आहे. जुना कर्नल काढायचा नाही, काही बिघडलं तर तोच आधार आहे. सिक्युअर बूट बंद आहे.

'लोकलमॉडकॉन्फिग' मुद्दाम टाळलं. ते फक्त आत्ता लोड असलेली मॉड्यूल्स (कर्नलचे ड्रायव्हरसारखे सुटे भाग) ठेवतं, आणि आमचे यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर कायम जोडलेले नसतात. ऐन कामात एखादा ओळखला गेला नाही तर मशीन बंद पडून राहील.

माझा अंदाज, मॉड्यूल्समधली डीबग माहितीच ही जागा खातेय. पूर्ण बिल्डला तीनेक तास लागतात आणि पीसी फक्त गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, मोकळा मिळतो.

तर 'इन्स्टॉल मॉड स्ट्रिप = १' (इन्स्टॉल करताना डीबग माहिती काढून टाकणारा पर्याय) देऊन फक्त मॉड्यूल्स पुन्हा इन्स्टॉल केली आणि इनिटआरडी नव्याने बनवली तर पुरेल का, की डीबग इन्फो बंद करून सगळं पुन्हा कंपाइल करावंच लागेल?