कोअर अपडेटच्या मागे धावणं छोट्या मराठी साइट्सनी थांबवावं का?

माजघर:

गुगलने कोअर अपडेट, म्हणजे शोधनिकालांची क्रमवारी ठरवण्याच्या पद्धतीतला मोठा बदल, जाहीर केलं की मराठी साइट चालवणाऱ्यांमध्ये धावपळ सुरू होते. कुणी सगळे लेख दोन हजार शब्दांपर्यंत ताणायला सांगतं, कुणी जुन्या लेखावर आजची तारीख चिकटवायला, तर कुणी बॅकलिंकांचं, म्हणजे दुसऱ्या साइट्सवरून आपल्याकडे येणाऱ्या दुव्यांचं, पॅकेज घेऊन येतं. एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून चालवलेल्या साइटने हा पाठलाग सोडून द्यावा, असं माझं मत आहे.

कारण सांगते. वाचकाला उपयोगी मजकूर ओळखणारी गुगलची 'हेल्पफुल कंटेंट' ही यंत्रणा ऑगस्ट २०२२मध्ये स्वतंत्र म्हणून आली आणि मार्च २०२४च्या कोअर अपडेटमध्ये मूळ क्रमवारीतच मिसळून गेली. ते अपडेट ५ मार्चला सुरू झालं आणि १९ एप्रिलला संपलं. त्याच वेळी स्पॅमविषयीचे नवे नियमही आले: घाऊक मजकूर पाडणं, मुदत संपलेली डोमेन विकत घेऊन त्यांच्या जुन्या पुण्याईवर काहीही छापणं, नामवंत साइटच्या आडोशाने तिसऱ्याचाच मजकूर वर आणणं. २०२५मध्ये मार्च, जून आणि डिसेंबर अशी तीन कोअर अपडेट्स झाली, शिवाय ऑगस्टमध्ये स्पॅम अपडेट. इतकं सगळं एकमेकांत गुंतलेलं असताना आपला लेख तिसऱ्या जागेवरून अकराव्यावर का गेला, हे बाहेरून नेमकं सांगता येत नाही. कारणच ठाऊक नसेल तर बदल तरी कशात करायचा?

त्यापेक्षा जिथे बोट ठेवता येतं तिथे वेळ घालवावा. मराठी साइट्सच्या काही अडचणी इंग्रजी मार्गदर्शनात येतच नाहीत, म्हणून त्या जरा सविस्तर लिहिते.

आधी लेखाचा पत्ता, म्हणजे स्लग. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा, पत्त्यात सांकेतिक रूपात नऊ अक्षरांची जागा घेतं. साइट चालवण्याची वर्डप्रेस ही प्रणाली स्लगला २०० अक्षरांवर कापते. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. 'कोकणातल्या पारंपरिक घरांची बांधणी' असं शीर्षक दिलंत तर पत्ता 'घरां'वर तुटतो. रँकिंग यामुळे पडत नाही. पण तो दुवा व्हॉट्सॲपवर गेला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते, आणि आई-काकांच्या वयाची माणसं त्यावर बोट ठेवायला कचरतात. दोन-तीन शब्दांचा स्लग हाताने लिहावा, एवढंच.

मग फॉन्ट. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकृत्या असतात, त्यामुळे फाइल रोमन फॉन्टपेक्षा बरीच जड होते. तरी थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, निवडताना आपण त्याच फॉन्टची पाच वजनं (जाडीचे प्रकार) लोड करतो आणि वापरतो दोन. साधं आणि ठळक ठेवा, बाकीची काढा, फाइल वॉफ-२ या आवळलेल्या स्वरूपात द्या. फॉन्ट येईपर्यंत मजकूर फोनमधल्याच फॉन्टमध्ये दिसेल अशी सोय करा. तालुक्याच्या गावी अडखळणाऱ्या नेटवर वाचणाऱ्याला कोरा पडदा बघत बसावं लागणार नाही.

आणि 'ॲ'. कुणी तो एकाच चिन्हाने लिहितं, कुणी 'अ'वर चंद्र टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण साइटच्या आतल्या शोधाला बहुतेकदा वेगळे. 'ॲप' शोधणाऱ्याला तुमचा निम्मा मजकूर सापडतच नाही. एकच पद्धत ठरवा आणि जुने लेख एकदा शोधून बदलून घ्या.

ही कामं एका आठवड्यात होतात आणि पुढच्या कुठल्याही अपडेटने वाया जात नाहीत.

---

सह्यकडा:

तांत्रिक सूचना उत्तम. पण तुमच्या मांडणीच्या मुळाशी असा विश्वास दिसतो की आपण नीट राहिलो की अपडेट आपल्याला काही करत नाही. हे खरं नाही.

हाउसफ्रेश नावाची हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांची साइट घ्या. छोटा चमू, यंत्रं विकत घेऊन स्वतः तपासतात, मोजमापं आणि फोटो देतात. सल्लागार सांगतात ते सगळं त्यांनी केलेलं. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यांनी जाहीर लेख लिहून दाखवलं की यंत्र हातातही न घेता याद्या छापणारी मोठी मासिकं त्यांच्या वर दिसतात. पुढे मे महिन्यात, शोधातून येणारे वाचक ९१ टक्क्यांनी घटल्याचं त्यांनीच लिहिलं. सप्टेंबर २०२३च्या अपडेटनंतर अशी तक्रार करणाऱ्या स्वतंत्र साइट्स कितीतरी होत्या. त्यातल्या काही जणांना गुगलने ऑक्टोबर २०२४मध्ये आपल्या कार्यालयात बोलावून त्यांचं ऐकूनही घेतलं.

दुसरं, अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात गुगलचेच पांडू नायक यांनी साक्षीत 'नॅव्हबूस्ट'बद्दल सांगितलं आहे. लोक कशावर क्लिक करतात याचा १३ महिन्यांचा साठा क्रमवारीसाठी वापरला जातो. मे २०२४मध्ये फुटलेल्या अंतर्गत कागदपत्रांतही ते नाव आहे. ओळखीच्या नावावर लोक जास्त क्लिक करतात, त्याने ते नाव आणखी वर जातं. अनोळखी मराठी साइट या चक्रात शिरणार कशी? ज्याचं पोट साइटवर आहे त्याला 'पाठलाग सोडा' हा सल्ला परवडत नाही.

---

माजघर:

सह्यकडा, हाउसफ्रेशचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं असं मला वाटतं. त्यांनी सगळं केलं तरी फटका बसला. मग अपडेटनुसार लेखांची डागडुजी करून काय साधणार? नीट राहिलं की वाचतो असं मी कुठेच म्हटलेलं नाही. मी म्हणते, ज्यावर आपला ताबा नाही त्यापायी महिनोन्‌महिने घालवू नयेत.

नॅव्हबूस्टचा मुद्दा मात्र फार महत्त्वाचा आहे. लोक तुमचं नाव टाकून तुम्हाला शोधू लागले तर त्या चक्रात शिरता येतं. ते वार्तापत्राने होतं, व्हॉट्सॲप चॅनेलने होतं, स्थानिक कार्यक्रमांनी होतं. शब्दसंख्या वाढवून होत नाही.

---

पाणवठा:

मी दुसऱ्यांच्या साइट्स सांभाळतो, त्यामुळे माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. अपडेट आलं म्हणून लेख बदलू नयेत हे बरोबर. पण तारखांकडे लक्षच देऊ नये हे चूक. तारीख माहीत नसेल तर निदानच करता येत नाही.

सर्च कन्सोल हे आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन फुकट आहे आणि १६ महिन्यांची आकडेवारी ठेवतं. अपडेट पूर्ण झाल्यावर किमान एक आठवडा थांबा, असं गुगलच सांगतं. मग आधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक आठवडा समोरासमोर ठेवा. सणावाराचे आठवडे टाळा. गणपतीतल्या मोदकांच्या पानाची पितृपक्षाशी तुलना केलीत तर घाबरून जाल.

आता काय बघायचं? सरासरी क्रमांक तोच, पान दिसण्याची संख्या तीच, पण क्लिक कमी झाले, तर क्रमवारी बदललेली नाही. निकालांच्या पानावर वर काहीतरी नवीन बसलंय, बहुधा एआयचा सारांश. क्रमांकच घसरला असेल तर कोणत्या पानांचा घसरला ते बघा. सगळ्या साइटचा की एकाच विभागाचा? माझ्या अनुभवात निम्म्या वेळा एकच विभाग सापडतो, आणि तो उघडून वाचला तर इतर चार साइट्सवरचीच माहिती पुन्हा मांडलेली असते. तिसरी शक्यता, इंडेक्स झालेली, म्हणजे गुगलच्या नोंदीत असलेली, पानंच घटलीत. तिथे अपडेटचा संबंधच नसतो. नवी थीम बसवताना 'सर्च इंजिनांना अडवा' ही खूण तशीच राहिलेली असते, किंवा साइट मोबाइलवर धड उघडत नसते. जुलै २०२४पासून पानं वाचत फिरणारा गुगलचा मोबाइल क्रॉलरच सगळीकडे फिरतो. त्याला पान दिसलं नाही तर ते इंडेक्समध्ये येत नाही.

या तीन दुखण्यांवर तीन वेगळे उपाय आहेत. तारखा न बघता बसलात तर तिन्ही एकसारखी दिसतात.

वेगाबद्दल थोडं. गुगलच्या निकषांप्रमाणे पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि मांडणी हलण्याचा आकडा ०.१च्या आत असावा. मधला निकष १२ मार्च २०२४ला जुन्याच्या जागी आला. माझ्याकडे येणाऱ्या साइट्सचा सगळ्यात सामान्य दोष म्हणजे लेखाच्या माथ्यावरचं चित्रही 'लेझी लोड' केलेलं असतं. खाली सरकल्यावर दिसणाऱ्या चित्रांसाठी ती सोय आहे. पहिल्या चित्राला ती लावली की तेच उशिरा येतं. काही प्लगइन (साइटला जोडायच्या तयार सुविधा) ती सरसकट लावतात, तिथे पहिलं चित्र वगळा.

---

रानजाई:

तुम्ही सगळे क्रमवारीवर बोलताय, पण क्रमवारीला आता अर्थ किती उरलाय? एआय सारांश भारतात ऑगस्ट २०२४मध्ये इंग्रजी आणि हिंदीत आले. प्यू रिसर्च या अमेरिकी संशोधन संस्थेने मार्च २०२५मधल्या अमेरिकन लोकांच्या वापराचा अभ्यास केला. सारांश दिसला तेव्हा लोकांनी ८ टक्के वेळा खालच्या दुव्यावर क्लिक केलं, नाही दिसला तेव्हा १५ टक्के वेळा. जवळपास निम्मं! पहिल्या क्रमांकावर राहूनही वाचक येणार नसेल तर फॉन्ट हलका करून काय मिळवायचं? मी तर म्हणते सगळ्या पानांवर 'नोस्निपेट' ही मजकुराचा उतारा दाखवू नका असं गुगलला सांगणारी खूण टाका आणि मजकूर फुकट देणं बंद करा. मोठी माध्यमंसुद्धा गुगलशी भांडतायत. भारतातल्या डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२मध्येच चौकशीचा आदेश दिला होता.

---

पाणवठा:

रानजाई, राग रास्त आहे, पण सरसकट नोस्निपेट लावू नका. त्याने तुमचा मजकूर सारांशात जाणं थांबतं, पण साध्या निकालाखालच्या दोन ओळीही जातात. उघडं शीर्षक बघून कोण येणार? पानाचा ठरावीक भाग झाकायची वेगळी खूण आहे, 'डेटा-नोस्निपेट'. प्रमाणाचा तक्ता, स्वतः गोळा केलेली यादी, एवढ्याला ती लावता येते. आणि 'गुगल-एक्स्टेंडेड'ला अडवून शोधातले सारांश थांबतात असा समज पसरलाय, तो चुकीचा आहे. त्याचा संबंध गुगलच्या जेमिनी या एआयशी आहे, शोधाच्या पानाशी नाही.

---

ताकभात:

पाककृतींची साइट आहे. मला रोमन लिपीतून खूप वाचक मिळतात, लोक मराठी पदार्थाचं नाव इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. म्हणून लेखाच्या तळाशी पाच-सहा स्पेलिंग देऊन ठेवते. चालेल ना?

---

माजघर:

ताकभात, ती यादी काढून टाका. वाचणाऱ्याला तिचा उपयोग नाही, आणि कीवर्ड कोंबणं स्पॅमच्या नियमांत बसतं. रोमन नाव एकदाच, लोक सर्वांत जास्त ज्या स्पेलिंगने शोधतात त्यात, चित्राच्या वर्णनात किंवा स्लगमध्ये नैसर्गिकपणे येऊ द्या. कोणतं स्पेलिंग, ते सर्च कन्सोलमध्ये दिसेलच.

रानजाई, सारांशाच्या आकड्यावर वाद नाही. पण त्यातून तुमचा निष्कर्ष निघत नाही. कोणत्या प्रश्नांना सारांश पुरतो ते बघा. 'राजमाची कुठे आहे' एवढ्यासाठी आता कुणी आपल्याकडे येणार नाही, आणि येऊही नये. पण लोणावळ्याकडून चालत जावं की कोंदिवड्याकडून चढावं, सोबत सात वर्षांचं मूल असेल तर कोणती वाट, उधेवाडीत रात्री पोचलो तर जेवण मिळेल का, याचं उत्तर जाऊन आलेल्या माणसाकडेच असतं. गुगलने डिसेंबर २०२२मध्ये गुणवत्ता तपासणाऱ्यांच्या सूचनांत 'अनुभव' हा निकष वाढवला तो याचसाठी. ते तपासनीस कुणाचं रँकिंग थेट खालीवर करत नाहीत, आणि लेखकाच्या फोटोची चौकट टाकून अनुभव येत नाही. तो मजकुरात दिसावा लागतो. अशा लेखासाठी वाचक दुवा उघडतो, आणि उघडल्यावर पान झटकन यावं म्हणून फॉन्ट हलका हवा.

पाणवठा, तुमची तीन दुखण्यांची मांडणी मला पटली. तारखा बघाव्यात, निदान करावं. पण निदानातून 'एका विभागात नक्कल आहे' असं निघालं तर तो विभाग काढायचा की सुधारायचा? तिथे लोक पुन्हा त्याच चक्रात अडकतात.

---

सह्यकडा:

मला अजूनही तुमचा मूळ दावा मान्य नाही. वार्तापत्र, चॅनेल वगैरे ज्यांना जमतं त्यांना जमतं. पण मराठीत एखाद्याने पुस्तकांत नसलेली माहिती दहा वर्षं जमवलीय, त्याला लोकांपर्यंत जायला शोधाशिवाय रस्ताच नाही. त्याची पानं नाहीशी झाली तर दोष गुगलचा आहे आणि तो मोठ्याने सांगितला पाहिजे. हाउसफ्रेशने आकडे घेऊन जाहीर लिहिलं, म्हणून चर्चा झाली. मराठी साइटवाल्यांनीही आपले आलेख, तारखा, पानांची उदाहरणं एकत्र मांडावीत. अपडेटकडे पाठ फिरवून ते होणार नाही.

---

पाणवठा:

एकत्र मांडण्याला माझा पाठिंबा. सर्च कन्सोलचे आकडे १६ महिन्यांनंतर पुसले जातात, म्हणून दर महिन्याला उतरवून ठेवा, नाहीतर मांडायला काहीच उरणार नाही.

माजघर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: त्या पानावर कुणी दुवा दिलाय का आणि वर्षभरात कुणी आलंय का, हे आधी बघतो. दोन्ही नसेल आणि स्वतःचं काही सांगायचंही नसेल तर पान काढतो. सांगण्यासारखं असेल तर पुन्हा लिहितो, त्याच पत्त्यावर. ताकभात आणि इतरांनाही सांगतो, स्लगबद्दल वाचून जुन्या लेखांचे पत्ते आज रात्रीच बदलायला घेऊ नका. नव्या लेखांपासून सुरुवात करा, आणि जुना बदलायचाच असेल तर त्याच वेळी जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणारं कायमचं पुनर्निर्देशन, म्हणजे ३०१, लावा.