म्हातारपणी कुठे राहायचं? तुमचे अनुभव सांगा

आम्ही दोघं पासष्टीच्या उंबरठ्यावर. ठाण्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही. लेक बंगळुरूला, "आमच्याकडेच या" असं मनापासून म्हणते. पण हातपाय धड आहेत तोवर आपलं आपण ठरवलेलं बरं, असं आम्हांला वाटतं. ज्यांनी ठरवलंय त्यांनी लिहा, पैशांचं आणि गैरसोयींचंही मोकळेपणाने लिहा.

रत्नागिरीजवळचं गाव, वय ७१
निवृत्तीनंतर मुंबईचं बिऱ्हाड मोडून गावी आलो. आंबे आणि हवेबद्दल सगळेच सांगतात, मी पावसाळ्याचं सांगतो. जून सरेपर्यंत जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि आमची न्हाणी मागल्या पडवीच्या पलीकडे. पहिल्याच पावसात हिचा पाय घसरला, मनगट मोडलं. मग न्हाणी-संडास झोपायच्या खोलीला लागून बांधून घेतले, कमोड बसवला, भिंतीला धरायला दांडे लावले. गावी यायचं असेल तर घराला रंग नंतर काढा, हे आधी करा. वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, इन्व्हर्टर हवाच. एसटीला अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीनंतर तर फुकट. पण रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर काय? म्हणून वाडीतल्या रिक्षावाल्याशी बोलून ठेवलंय. तरीही परत जाणार नाही. इथे सकाळी दार उघडलं नाही तर कुणीतरी हाक मारतंच.

पुणे, वय ७६
ज्येष्ठांसाठीच्या संकुलात एकटी राहते. दारं रुंद, व्हीलचेअर सहज जाते. दोन वेळचं जेवण खाली भोजनगृहात, संध्याकाळी पत्ते नाहीतर भजन. सुखात आहे. घर घेण्याआधी एक मात्र खोदून खोदून विचारा: अंथरुणाला खिळल्यावर कोण बघणार? आमच्याकडे तेव्हा बाई आपली आपण ठेवायची, तिचा पगार महिन्याच्या शुल्कात धरलेला नाही. आमच्यातल्या कितीतरी जणांना हे इथे आल्यावर कळलं.

न्यू जर्सी, वय ६९
लेकाकडे ग्रीन कार्डावर आलो. इथे नोकरी केलेली नसेल तर मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा इथला सरकारी आरोग्य विमा) घ्यायला सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, तोवर विम्याचा भार लेकावर. कोथरूडचं घर विकलेलं नाही, विकणारही नाही.

कोल्हापूर, वय ५८
माझ्या आत्याने राहतं घर पुतण्याला बक्षीसपत्राने दिलं. वर्षभरात तिची रवानगी मागच्या खोलीत झाली, मग जेवणही वेगळं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे: सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ केला नाही तर न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. पण आत्याच्या कागदात ती अटच लिहिलेली नाही आणि समोरच्या वकिलाने तेच धरून ठेवलंय. द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा, ते हयातीत कधीही बदलता येतं. बक्षीसपत्र करणारच असाल तर सांभाळायची अट शब्दांत लिहून घ्या, घरचाच माणूस असला तरी. आत्या सध्या आमच्याकडे आहे, न्यायाधिकरणातली, म्हणजे प्रांत कार्यालयातली, पुढची तारीख बुधवारी आहे.