मदत हवी आहे: इफच्या वाक्यात वुड चालतं की नाही?

लोअर_परळकर:
मंडळी, घाईत आहे. क्लायंटच्या मेलमधलं हे वाक्य साहेबांनी लाल करून परत पाठवलं: 'इफ यू वुड हॅव सेन्ट द ड्रॉइंग, वी वुड हॅव स्टार्टेड द वर्क.' काय चुकलं ते सांगत नाहीत. साडेसहाच्या आत मेल जायला हवा. फक्त बरोबर वाक्य द्या, व्याकरणाचा तास नको.

अनुस्वार:
ड्रॉइंग आलं का?

लोअर_परळकर:
त्याचा काय संबंध? इंग्रजी विचारतोय!

अनुस्वार:
सगळी मेख तिथेच आहे. अजून यायचं असेल तर 'इफ यू सेंड, वी विल स्टार्ट'. वेळ टळून गेली असेल तर 'इफ यू हॅड सेन्ट, वी वुड हॅव स्टार्टेड'.

निवृत्त_मास्तर:
आधी इफच्या वाक्यांचे झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड हे चारही प्रकार घोटा. झिरोमध्ये दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ, कारण गोष्ट दरवेळी घडतेच. उदा. 'इफ इट रेन्स हेवीली, हिंदमाता फ्लड्स.'

दादर_टीटी:
मास्तर, हिंदमाता चौकात पाणी तुंबू नये म्हणून भूमिगत टाक्या बांधल्यात आता. झिरो कसलं, 'माइट फ्लड' लिहा.

परळवाली:
भरतीच्या वेळी या एकदा बघायला 🙂

मिसळप्रेमी:
सोपा नियम: इफच्या बाजूला विल-वुड कधीच नाही. पण आमचा न्यू जर्सीचा टीम लीड मीटिंगमध्ये सर्रास 'इफ यू वुड हॅव' म्हणतो, त्याचं काय?

अनुस्वार:
बोलताना बरेच अमेरिकन म्हणतात, लेखी मेलमध्ये ती चूकच धरतात. आणि 'कधीच' नको. 'इफ यू वुड साइन हिअर, प्लीज' ही विनंती आहे, ती बरोबर. आपण मराठीत 'पाठवलं असतं तर सुरू केलं असतं' असं दोन्हीकडे 'असतं' लावतो, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे वुड हॅव पडतं.

काना_मात्रा:
'इफ आय वॉज यू' लिहिणाऱ्यांचाही समाचार घ्या कुणीतरी. वेअर! वेअर!!

लोअर_परळकर:
ते कुणी विचारलंय? ड्रॉइंग सोमवारी यायचं होतं, गुरुवारी आलं. म्हणजे हॅड सेन्ट ना?

अनुस्वार:
हो. पण 'ऑन मंडे' घाला, नाहीतर ड्रॉइंग आलंच नाही असा अर्थ निघतो. आणि सोमवारी आलं असतं तर आज काम संपलेलं असतं, असं म्हणायचं असेल तर पुढे 'वी वुड बी डन बाय नाऊ'.

हार्बर_लाइन:
व्याकरण ठीक, पण क्लायंटच्या डोक्यावर खापर फोडताय. सरळ लिहा की ड्रॉइंग गुरुवारी मिळालं, काम अमुक तारखेला सुरू होईल. इफ हवाच कशाला?

मिसळप्रेमी:
आणि टोमणाच मारायचा असेल तर?

लोअर_परळकर:
साहेबांना तोच मारायचाय. हॅड सेन्ट, ऑन मंडे टाकून पाठवतोय. धन्यवाद.

हार्बर_लाइन:
अहो थांबा, सोमवारचं ठरलेलं लेखी आहे ना?