फौजेत माणूस टिकतो कशामुळे?

चकवा: सैनिक म्हटलं की आपण थेट देशप्रेमावर येतो. भरतीच्या रांगेत ते असेलही. पण पंधरा वर्षं नोकरी झालेल्याला विचारा, पेन्शनला किती उरली ते आधी सांगेल. अमेरिकेने १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद केली, तेव्हापासून तिथे माणूस राजीखुशीनेच मिळवावा लागतो. पेन्शनचा जुना नियम असा: २० वर्षं भरली तर मूळ पगाराच्या निम्मी, त्याआधी स्वतःहून सोडलं तर काहीच नाही. मग पंधराव्या वर्षी कोण सोडेल?

अबोली: ते न सोडण्याचं कारण झालं. जीव ओतून काम करण्याचं कुठलं? शिल्स आणि जानोविट्झ या समाजशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन फौजेचा अभ्यास १९४८ मध्ये मांडला. पराभव समोर दिसत असताना ते सैनिक लढत राहिले, ते नाझी विचारांपेक्षा तुकडीतल्या सोबत्यांसाठी. तुकडी विस्कटली की लढण्याची उमेदही जायची. यात पेन्शन कुठे आली?

चकवा: त्यांना राजीनामा द्यायची सोय होती का? पळून जाणाऱ्याला गोळी घालत होते, ताई! त्यांच्यावरून करिअरचे निष्कर्ष कसे काढणार? शांततेच्या काळात सैनिकाचा दिवस परेड, पहारा, हत्यारांची साफसफाई आणि सह्यांचे कागद यात जातो. तिथे सोबती पत्ते खेळायला.

अबोली: त्याच पत्त्यांतून तुकडी बनते. कंटाळा एकत्र काढलेली माणसंच पुढे एकमेकांसाठी थांबतात.

बिनपत्त्याची: नवरा फौजेत आहे म्हणून मधेच बोलते. भरती व्हायचं त्याने एकट्याने ठरवलं, राहायचं की नाही हे आमच्या स्वयंपाकघरात ठरतं. गेल्या बदलीतले दोन खोके अजून उघडलेले नाहीत, पुढची ऑर्डर आली. मुलीची शाळा पुन्हा अर्ध्यात, आणि माझ्या नोकरीचं तर नावच काढू नका. विचारांवर आणि सोबत्यांवर एवढं बोललात, घरच्यांवर अक्षर नाही!

चकवा: वहिनी, तुमचा हिशेब माझ्याच बाजूचा. घर वैतागलेलं असूनही माणूस राहतो, तो पेन्शनपायीच ना?

बिनपत्त्याची: नाही हो. त्याला ते काम येतं आणि आवडतं. बाहेर तो कोण असेल, याचीच त्याला धास्ती आहे.

चकवा: अमेरिकेत २०१८ पासूनच्या नव्या भरतीला पेन्शन ४० टक्के, पण सोबत सरकार बचत खात्यात भर घालतं आणि ते पैसे मधेच सोडणाऱ्यालाही मिळतात. त्या पहिल्या तुकडीची २० वर्षं २०३८ मध्ये भरतील. तोवर किती उरतात ते मोजू.

अबोली: मोजा. उरतील त्यांना कारणही विचारा, खातं तपासून ते कळायचं नाही.