जुनं घर दुरुस्त करताना मूळचं किती राखायचं?

ओळंबा
घराचं काम काढलंय. कंत्राटदार म्हणाला, लाकडी खिडक्या काढा, भिंतींना सिमेंटचा गिलावा करा, कटकट मिटेल. मी दोन्हीला नाही म्हटलं आणि घरातले नाराज झाले. वायरिंग, नळ, बाथरूम खुशाल नवं करा. पण भिंतींची जाडी, छताची उंची, खिडक्यांची मापं यांवरच त्या घराचा तोंडवळा उभा आहे. तिथे हात लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

सरळरेषा
राहून बघा म्हणजे कळेल. आमच्या खिडक्या ओलीने फुगायच्या, झडप लागायची नाही. उंबरठ्यावरून आईची व्हीलचेअर जात नव्हती. उंबरठा कापला, खिडक्या बदलल्या. घर आधी माणसांचं.

ओळंबा
उंबरठा मीही कापला असता. खिडकीचं मात्र पटत नाही. मी एक झडप उतरवून खरवडली, तर रंगाचे सहा थर निघाले. त्या थरांमुळेच ती अडकत होती. खालचा बोटभर भाग तेवढा कुजलेला, वरचं लाकूड खणखणीत. सुताराने कुजका भाग तिरका कापून तिथे नवा तुकडा सांधला. आता एका बोटाने लागते.

चुनखडी
सिमेंटबद्दल सांगते. पोर्टलँड सिमेंटचं, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटचं, पेटंटच १८२४ सालचं. त्याआधीची विटांची घरं चुन्यात किंवा मातीत बांधलेली, नंतरचीही कित्येक. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. वरून सिमेंट थापलं की ती आत कोंडते आणि मऊ वीट भुगा होते. आमच्याकडे गिलाव्याला फुगा आला होता. दाबला तर मागून लाल पूड सांडली. मात्र चुन्याचं काम वेळ खातं. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, आणि त्यात हात बसलेला गवंडी शोधावा लागतो.

सरळरेषा
चुन्याचं मान्य. पण नवी खोली वाढवली तर तिलाही खोट्या कमानी लावायच्या का?

ओळंबा
मुळीच नाही! १९६४ ची व्हेनिस सनद (जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) सांगते की हरवलेल्या भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकूण रचनेशी जुळावा, पण मूळ भागाहून वेगळा ओळखूही यावा. ती स्मारकांसाठी आहे, तरी मी घरालाही तेच लावेन. नव्याने नवंच दिसावं, फक्त उंची आणि प्रमाण जुन्याशी जुळतं ठेवावं.

सरळरेषा
आणि मधली अंधारी खोली? ती भिंत मी पाडणारच.

चुनखडी
आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. वरच्या तुळया तिच्यावर टेकल्या असतील तर नुसती पाडून चालणार नाही, भार पेलायला दुसरी सोय करावी लागेल.

ओळंबा
आणि पाडलीत तरी दोन्ही टोकांना फूटभर ठेवा. इथे दोन खोल्या होत्या, हे कळत राहील.

सरळरेषा
फूटभर ठेवायला हरकत नाही. खिडक्यांचं मात्र मी केलं तेच बरोबर होतं, असं अजूनही म्हणेन.