अनुभव धागा: तुमच्या दिनक्रमाला कोणता भाग मानवला?

घर घ्यायचं ठरलंय. कर्ज किती मिळेल ते बँकेने सांगितलंय, आणि पुण्यात दर शनिवार-रविवारी साइट बघणं चालू आहे. प्रत्येक ठिकाणी सॅम्पल फ्लॅट, क्लबहाउस आणि 'हिंजवडी फक्त पंधरा मिनिटं'. ही पंधरा मिनिटं कुणीतरी रविवारी पहाटे मोजलेली असावीत. नवरा हिंजवडी फेज तीनला जातो, मी घरून काम करते, सासूबाईंना संध्याकाळी देऊळ आणि भाजी चालत करायची असते, लेक पाचवीत आहे. चौघांचे चार दिनक्रम एकाच पिनकोडात बसवायचेत.

भाव किती वाढेल हे सांगायला एजंट आहेत, ते इथे नको. तुमचा दिवस कसा जातो, त्यासाठी कुठला भाग निवडलात, कशावर पाणी सोडलंत आणि आता तिथे राहताना काय जाणवतं, ते लिहा. पुण्याबाहेरचंही चालेल, उलट हवंच.

पहाटपाळी (डोंबिवली पूर्व)

मी मुंबईत एका रुग्णालयात नर्स आहे. सकाळची ड्यूटी सातला, म्हणजे पावणेपाचला घराबाहेर. दुपारपाळी असली की परतायला साडेअकरा. घर बघताना माझा प्रश्न एकच होता: या दोन्ही वेळांना मी एकटी स्टेशनला चालत जाऊ-येऊ शकते का? पहाटे रिक्षा मिळेलच असं नाही, आणि रात्री शेअर रिक्षा भरेपर्यंत ताटकळत बसायची माझी तयारी नव्हती.

त्याच पैशात कल्याण-शीळ रस्त्याला दोन बेडरूमचं नवं घर मिळत होतं. एमआयडीसीच्या निवासी भागातले मोकळे रस्ते आणि झाडंही आवडली होती, पण आईला दमा आहे. रसायनांचा वास तिला झेपला नसता. शिवाय 23 मे 2024 ला तिथल्या कारखान्यात झालेला स्फोट विसरता येण्यासारखा नाही.

शेवटी फडके रोडच्या मागच्या गल्लीत, जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके घेतलं. लिफ्ट नाही, पार्किंग नाही, बेडरूमच्या खिडकीतून शेजारच्यांचा टीव्ही दिसतो. पण पहाटे दूधवाले, पेपरवाले, फुलवाल्या रस्त्यावर असतात आणि रात्री गाडीतून उतरलेली माणसं माझ्याबरोबरच चालत असतात. इमारतीखाली पोळी-भाजी केंद्र आहे, त्याचं महत्त्व पाळी करणाऱ्या बाईला सांगायला नको. दिवाळीच्या पहिल्या पहाटे तेवढी पंचाईत होते. अख्खी डोंबिवली नटूनथटून फडके रोडवर येते आणि मी युनिफॉर्मची पिशवी घेऊन उलट्या दिशेने वाट काढत असते.

घोडबंदरी (ठाणे)

वरच्या ताईंच्या अगदी उलट. आम्ही दोघंही आठवड्यातून दोनदाच ऑफिसला जातो, मुलं लहान आहेत. नौपाड्यात स्टेशनजवळचं जुनं घर बघितलं होतं, पण तिथे मुलांना खेळायला गच्चीशिवाय जागा नव्हती. कासारवडवलीला मोठ्या सोसायटीत घेतलं. संध्याकाळी खालून हाका मारून पोरांना वर आणावं लागतं, यातच सगळं आलं. मागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत, पावसाळ्यात बघत बसावं असे.

घोडबंदर रोडबद्दल काय सांगायचं! गुजरातकडची अवजड वाहतूक याच रस्त्याने. गायमुख घाटात दुरुस्ती निघाली की तो दिवस गेला म्हणायचं. दोन दिवस हे सोसता येतं. ऑफिसने पाचही दिवस बोलावलं तर काय, असं बायको अधूनमधून विचारते. मी विषय बदलतो.

कृष्णाकाठची (मूळ सांगली, सध्या बंगळूर)

मी आईबाबांच्या घराबद्दल लिहिते. बाबांचं आयुष्य गावभागात, म्हणजे सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीत गेलं. भाऊबंदांनी वाडा विकायचा ठरवला तेव्हा मी आणि भाऊ एका सुरात म्हणालो, विजयनगरला फ्लॅट घेऊ. उंचावरचा भाग, रुंद रस्ते, मिरजेची हॉस्पिटलं जवळ. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर. आमच्या मते यात चर्चेला जागाच नव्हती.

बाबा म्हणाले, माझा दिवस लिहून घे. सकाळी घाटावर. तिथून गणपतीचं देऊळ. मग मारुती चौकात चहा, पेपर आणि पेपरातल्या बातम्यांवरून वाद. दुपारी झोप. संध्याकाळी हरिपूरच्या रस्त्याने फिरणं, जमलं तर संगमेश्वरापर्यंत. 'आता यातलं विजयनगरला काय मिळेल ते सांग. गॅलरीत बसून कलेक्टर कचेरी बघू?'

आई वेगळ्याच मुद्द्यावर अडली होती. तिला चिखल काढायचा कंटाळा आला होता. पूर ओसरल्यावर घरात जो गाळ राहतो, त्याचा वास महिनाभर भिंतीतून जात नाही, आणि तो काढायला घाटावर फिरणारी माणसं येत नाहीत, हे तिचं वाक्य.

बराच वाद झाला. शेवटी गावभागातच एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. तळाला फक्त पार्किंग. विजेचे मीटर कुठे बसवलेत, हे मी फ्लॅट बघायच्या आधी बघितलं. ते पहिल्या मजल्याच्या वर आहेत. बोअरचा पंप बुडाला तर पाणी किती दिवस पुरेल, हे बिल्डरला विचारलं तेव्हा तो गोंधळला, पण शेजारच्या इमारतीतल्या काकूंनी नीट सांगितलं. आता घरात नियम ठरलेत. पाणी 35 फुटांवर आलं की गाडी मिरजेला मावशीच्या दारात. 40 ला आलं की आईबाबा, औषधं आणि कागदपत्रं तिथेच. कोयना धरणातून विसर्ग सुरू झाला की सांगलीत लोक एकमेकांना 'काय चाललंय' विचारत नाहीत, 'आयर्विनला किती?' विचारतात. मीही बंगळुरातून फोनवर आधी तेच विचारते.

वर्षातले दहा-पंधरा दिवस धाकधुकीचे, बाकीचे बाबांचे. त्यांचा हिशेब असा आहे.

उलटं घड्याळ (पुणे, खराडी)

अमेरिकेच्या वेळेची शिफ्ट. पहाटे घरी, झोप चार ते अकरा. 'शांत परिसर' म्हटलं की सगळे रात्रीचं बोलतात, मला सकाळी शांतता हवी होती. कायद्यात निवासी भागाला दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 अशी मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. म्हणजे माझी झोप निम्मी व्हायच्या आतच कायद्याची रात्र संपते.

शाळेला लागून असलेली घरं पहिल्या फटक्यात बाद. सकाळची प्रार्थना ऐकायला गोड असते, पण पीटीची शिट्टी नाही. मंगल कार्यालयाजवळची बाद, कारण सकाळच्या मुहूर्ताचा बँड. तिसरी गोष्ट मला एका इस्त्रीवाल्याने सांगितली: समोर रिकामा प्लॉट असेल तर घेऊ नका. एजंट त्याला 'ओपन व्ह्यू' म्हणतात. आज मोकळं दिसतंय तिथे उद्या पोकलेन आणि ब्रेकर येणार, आणि पुढची तीन वर्षं सकाळी आठला सुरू होणार. म्हणून चहूबाजूंनी आधीच बांधकामं झालेल्या गल्लीत, रस्ता पुढे बंद होतो तिथे, मागच्या बाजूचा फ्लॅट घेतला. व्ह्यू म्हणजे दुसऱ्या इमारतीचे पाइप. झोप उत्तम. रेकॉर्ड लावून फिरणारा भंगारवाला गल्ली बंद असल्यामुळे आत फिरकत नाही, हा बोनस.

औंधचा भाऊ

माझा थोरला भाऊ व्हीलचेअर वापरतो. ब्रोशरमध्ये वॉकिंग ट्रॅक असतो, सोसायटीच्या आत गोल गोल फिरायला. त्याला बाहेर जायचं असतं: सलून, बँक, चहा, मित्र. म्हणून आम्ही इमारती बघायच्या आधी पदपथ बघितले. मी रिकामी खुर्ची ढकलत फिरायचो. लोक विचित्र नजरेने बघायचे.

औंधच्या डीपी रोडचे पदपथ स्मार्ट सिटीच्या कामात रुंद केले, तिथे खुर्ची एकसलग जाते. निदान बराच वेळ. मध्येच कुणीतरी स्कूटर लावलेली असते. खूप ठिकाणी पदपथ छान असतो, पण दुकानाला दोन पायऱ्या, आणि त्या दोन पायऱ्यांनी सगळं अडतं. औषधाचं दुकान, किराणा आणि सलून विनापायरीचं मिळालं तेव्हा त्या पट्ट्यात घर शोधायला लागलो. जुनी इमारत आहे, दर चढा होता, एक खोली कमी मिळाली. लिफ्टला जनरेटर आहे का हे विचारलंच, तो किती वेळात चालू होतो हे मेन स्विच पाडायला लावून बघितलं. सेक्रेटरी चिडले होते. आता तेच भावाबरोबर बुद्धिबळ खेळतात.

एडिसनकर (न्यू जर्सी)

थोडक्यात लिहितो. इथले आपले लोक घर बघताना आधी शाळा बघतात, कारण सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते. रस्त्याच्या या बाजूला एक स्कूल डिस्ट्रिक्ट, पलीकडे दुसरा, आणि घराच्या किमतीत मोठा फरक. प्रॉपर्टी टॅक्स न्यू जर्सीत अमेरिकेतल्या सर्वांत चढ्यांपैकी, त्यातला मोठा हिस्सा शाळांना जातो. आम्हाला मुलं नाहीत. तरी सगळे मित्र तिकडेच म्हणून तिकडेच बघत होतो. मग बायको म्हणाली, रोज न्यूयॉर्कला ट्रेनने जायचंय तर स्टेशनच्या पायरीशी राहू. इथल्या कितीतरी स्टेशनांवर पार्किंगच्या परमिटला वेटिंग लिस्ट असते, ती कटकट गेली. गणपतीत मित्रांकडे जायला अर्धा तास गाडी हाणावी लागते, चालतं.

पेन्शनीतला (नागपूर)

बेस्याकडे प्लॉट घेऊन ठेवला होता, बंगला बांधायचा बेत होता. निवृत्तीनंतर मोतीबिंदूमुळे रात्री गाडी चालवणं सोडलं आणि बेत बदलला. शंकरनगर मेट्रो स्टेशनपासून पायी अंतरावर फ्लॅट घेतला. नाटक, बँक, डॉक्टर, सगळं मेट्रो नाहीतर पायी.

एक सांगून ठेवतो. 'चांगली वस्ती' म्हणजे कोरडी वस्ती असं धरू नका. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा पाणी अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा नावाजलेल्या भागांत शिरलं होतं. आणि फ्लॅट बघायला मे महिन्यात दुपारी चारला जा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. कूलर किती पाणी पितो हे नागपूरकराला सांगावं लागत नाही, पण पोरं पुण्याहून येऊन हिवाळ्यात घर पसंत करतात.

नकाशेवाला (पुणे)

मी नगररचनेच्या कामात होतो, धागाकर्तीसाठी लिहितो.

एक, महापालिकेच्या विकास आराखड्यात तुमचा सर्व्हे नंबर शोधा. ब्रोशरमधली 'समोरची बाग' बऱ्याचदा आराखड्यातलं आरक्षण, म्हणजे बागेसाठी कागदावर राखून ठेवलेली जागा असते. ती जागा अजून कुणाच्या तरी शेतात असते, आणि बाग व्हायला किती वर्षं लागतील हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. समोरचा चोवीस मीटर रस्ताही तसाच. 1 मे 2017 पासून महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं प्राधिकरण आहे, प्रकल्पाचे मंजूर नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर दिसतात. ब्रोशर बाजूला ठेवून ते बघा.

पूररेषा तर बघाच. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदीपुरतं बघून थांबू नका, ओढेही बघा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते सहकारनगर-अरण्येश्वरच्या लोकांना विचारा, आणि 25 जुलै 2024 चं सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत.

पाण्याचं सगळ्यांत महत्त्वाचं. पुण्यात 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं महापालिकेत आली. नळ त्या वेगाने आले नाहीत. हिंजवडीसाठी वाकड बघत असाल तर ते पिंपरी-चिंचवडमध्ये, तिथे 2019 च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी. बाणेर पुण्यात, तरी टँकर दिसतात. एजंटला 'पाणी आहे का' विचारलं तर तो हो म्हणणारच. शेजारच्या सोसायटीचा जमाखर्च मागा, त्यात 'टँकर' या नावाखाली मार्च ते जूनमध्ये किती रुपये पडलेत ते वाचा. सूचनाफलकावरही लावलेला असतो.

नवऱ्याला सोमवारी सकाळी नऊला त्या घरापासून फेज तीनला पाठवा, आणि सासूबाईंना संध्याकाळी त्या रस्त्यावर चालायला लावा. दोघांची मतं जुळत नसतील तर माझं मत सासूबाईंच्या बाजूने, कारण नोकरी बदलते. जमलं तर त्याच भागात अकरा महिने भाड्याने राहून बघा, त्यात एक जून-जुलै यायला हवा.

आणि कृष्णाकाठच्या ताई, माफ करा, पण सत्तरीच्या माणसांना लाल रेषेच्या आत घर घेऊन देणं मला पटलेलं नाही. रात्री पाणी वाढलं तर?

कृष्णाकाठची

@नकाशेवाला, प्रश्न रास्त आहे, भाऊ अजून हेच म्हणतो. कृष्णा चढते ती तासातासाने, आंबिल ओढ्यासारखी मिनिटांत नाही, आणि धरणांचे आकडे आधी कळतात. म्हणून 40 चा नियम कडक ठेवलाय, त्यावर बाबांशी वाद घालत नाही. बाकी सांगायचं तर बाबांचे दोन मित्र 2019 नंतर विजयनगरला राहायला गेले. दोघंही रोज सकाळी रिक्षा करून मारुती चौकात चहाला येतात. रिक्षाचं भाडं कुणी द्यायचं यावरून तिथे भांडण होतं, ते वेगळंच.