मदत हवी आहे: शिडाच्या बोटीवरचा एसी दहा मिनिटांत बंद पडतो

नमस्कार मंडळी. आमची ३४ फुटी शिडाची बोट मांडवी नदीत नांगरलेली असते. केबिनमध्ये समुद्राच्या पाण्यावर थंड होणारा १२,००० बीटीयूचा (म्हणजे साधारण एक टनाचा) एसी आहे. जनरेटरवर लावला की छान गार हवा येते, पण दहाएक मिनिटांत 'हाय प्रेशर' दाखवून बंद.

बाहेर पडणारी पाण्याची धार पूर्वी अंगठ्याएवढी जाड असायची, आता करंगळीएवढीही नाही. गाळणी उघडली तर आत गाळ, प्लास्टिकचा तुकडा आणि नखाएवढी खेकड्याची पिल्लं. साफ केली, पंपात अडकलेली हवाही काढली. धार जराशी सुधारली, रड तीच. पावसाळ्यात बोट बाहेर काढली तेव्हा आतल्या नळ्या गोड्या पाण्याने धुवायच्या राहिल्या, त्यामुळे माझा संशय कंडेन्सरमधल्या (एसीच्या गॅसची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडणाऱ्या भागातल्या) क्षारांवर आणि बार्नेकलवर (चिकटून वाढणाऱ्या कवचाच्या समुद्री जीवांवर) आहे.

मेकॅनिक म्हणतो गॅस भरूया. मला पटत नाही. गॅस कमी असता तर प्रेशर चढलं कसं असतं?

कंडेन्सरची कॉइल क्युप्रोनिकलची (तांबं-निकेलच्या मिश्रधातूची) आहे. बादलीत सायट्रिक ॲसिड कालवून छोट्या पंपाने फिरवून कुणी साफ केली आहे का? प्रमाण किती, किती वेळ फिरवायचं? पुढच्या महिन्यात आईला बोटीवर आणायचंय, तिला उकाडा अजिबात सोसत नाही. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.